गुरं बांधलेली बरी की मोकळी? (मांसासाठी पाळलेल्या जनावरांबद्दल)

मुलुंडचा_मुक्काम
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. फेब्रुवारीत कामानिमित्त तीन आठवडे अमेरिकेत नेब्रास्काला होतो. एका शनिवारी ओमाहाहून पश्चिमेला गाडीने निघालो तर आधी वास आला, मग दहा मिनिटांनी गुरं दिसली. लोखंडी कुंपणाचे चौकोनच चौकोन, वर छप्पर नाही, खाली गवताचं एक पातं नाही, नुसता चिखल. प्रत्येक चौकोनात मधोमध मातीचा उंचवटा आणि त्यावर सगळी काळी गुरं दाटीवाटीने उभी, आपल्याकडे जलद गाडी यायच्या आधी फलाटावर माणसं उभी असतात तशीच. गाडी चालवणारा सहकारी तिथलाच. म्हणाला हा फीडलॉट. ही जनावरं जन्मापासून इथे नसतात, वासरं आधी आईबरोबर कुरणावर वाढतात, मग शेवटचे चार-सहा महिने इथे मका वगैरे खाऊन वजन वाढवायचं आणि पुढे खाटीकखाना. त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला पुढे काही विचारताच आलं नाही.

तर प्रश्न असा की मांसासाठीच पाळलेलं जनावर असलं तरी जगतंय तोवर त्याने कसं जगावं? कुरणावर की बंदिस्त? माझं मत सरळ आहे, मोकळं कुरण हेच बरोबर. पण मी जन्मापासून मुलुंडमध्ये, गाय म्हणजे देवळाबाहेर दोन रुपयांचा चारा घालायची तेवढीच माहीत. ज्यांनी गुरं पाळलीयत त्यांनी लिहा. खावं की न खावं आणि कायदा हा विषय कृपया नको.

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

तिखटजाळ
शेवटी सुरीच फिरवायची आहे ना, मग चार महिने चिखलात काय आणि हिरवळीवर काय. फाशीच्या कैद्याला एसी लावून देण्यासारखं आहे हे.

मुलुंडचा_मुक्काम
@तिखटजाळ मरायचं आपल्यालाही आहे, म्हणून तू पंखा बंद करून झोपतोस का?

परळचा_डॉक
लेखी परीक्षा असल्यासारखा विषय काढलात :) मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा, आता ठाण्याच्या पलीकडे प्रॅक्टिस. कुरण म्हणजे सुख आणि कोंडलं म्हणजे छळ इतकं सरळ असतं तर आमचा कोर्स दोन दिवसांत उरकला असता.

आधी मका. रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं पोट म्हणजे आंबवायची मोठी टाकी, ती बनलीय गवत-कडब्यासाठी. त्यात भसाभस धान्य गेलं की मे महिन्यात इडलीचं पीठ रात्रभर ओट्यावर राहिल्यावर जे होतं ते होतं. आम्ल वाढतं, पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा होतात, तिथून जंतू रक्तात आणि रक्तातून यकृतात, तिथे गळवं. खुरंही दुखायला लागतात. आणि गंमत अशी की बाहेरून जनावर तुकतुकीत दिसतं, बघणारा म्हणतो वा काय पोसलंय. चांगले फीडलॉटवाले म्हणूनच धान्य एकदम न देता दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवत नेतात आणि थोडा चोथा ठेवतात.

आता दुसरी बाजू. कुरणावर जंत, गोचीड, पाणथळ जागेत गोगलगायींमुळे होणारा यकृताचा कृमी, दव पडलेला लसूणघास अधाशासारखा खाल्ला तर पोटफुगी आणि दोन तासांत जनावर आडवं. मोठं कुरण असलं की चार-चार दिवस जनावराकडे कोणी बघत नाही, लंगडं झालं तरी कळत नाही.

हवामान तर दोघांनाही सोडत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये साउथ डकोटात अवकाळी हिमवादळ आलं, गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती, अंगावर थंडीचे केस आलेले नव्हते, आधी पावसात भिजली मग बर्फात गाडली गेली, हजारोंनी मेली. उलट जून २०२२ मध्ये कॅन्ससच्या फीडलॉटांमध्ये उकाडा वाढला, दमटपणा वाढला, वारा पडला, रात्रीही गारवा नाही, तिथे दोन हजारांवर गेली. आणि छपराखालचं म्हणाल तर एप्रिल २०२३ ला टेक्सासमध्ये एका दुधाच्या गोठ्याला आग लागली, अंदाजे १८,००० गायी.

आणि मूळ पोस्टमध्ये एक घोळ आहे. तुम्ही पाहिलंत ते कुरणही नाही आणि गोठाही नाही. ऊन-पाऊस-बर्फ कुरणावरचा आणि गर्दी गोठ्यातली, असं दोन्हीकडचं वाईट एकत्र आलेलं आहे ते.

लांज्याची_लेक
डॉकला अनुमोदन. कुरण-कुरण करणाऱ्यांनी एक पावसाळा गुरांमागे काढावा. आमच्याकडे लांज्याला चार गुरं होती, चौथीपासून ती राखायचं काम माझ्याकडे. डोक्यावर इरलं, पायाला जळवा, आणि ती तांबू नावाची गाय हमखास दुसऱ्याच्या भातात शिरायची आणि शिव्या मला. एकदा पाडसाला फुरसं चावलं, संध्याकाळपर्यंत गेलं. बिबट्याने नेलेलं वेगळंच. नवं गवत आलं की आठवडाभर सगळ्यांना ढाळ, गोठा धुता धुता आईचा जीव जायचा.

पण एक सांगते. मिरगाचा पाऊस लागला की आमच्याकडे गुरं तीन-चार दिवस गोठ्यातच, बाहेर नुसती झड. मग उघाडी पडली की बाबा दावी सोडायचे आणि एरवी जड पावलांनी चालणारी ती म्हातारी तांबू, तेरा वर्षांची, शेपटी वर करून चौखूर उधळायची. चारी पाय हवेत. गवत खायचं सोडून आधी नुसती धावायची, बांधापर्यंत जायची आणि परत यायची. त्याला सुख म्हणतात की काय ते डॉकने सांगावं, मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

खिडकीची_सीट
तांबू <३

डब्लिनकर
तांबूची बहीण इथे आयर्लंडला राहते बहुतेक. मी मूळचा गिरगावचा, इथे सात वर्षं. इथली मांसाची गुरं मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर-नोव्हेंबर बाहेर गवतावर आणि हिवाळ्यात आत. आमच्या गल्लीच्या टोकालाच शेत आहे, मार्चमध्ये गोठ्याचं दार उघडतात त्या दिवशी शेजारपाजारचे पोरं घेऊन बघायला जातात. हजार हजार पौंड वजनाचे बैल वासरांसारखे उड्या मारतात.

हिवाळ्यात आत का, तर थंडीमुळे कमी आणि चिखलामुळे जास्त. इतका पाऊस की खुरांनी जमिनीचा पार राबडा होतो, पुढल्या वर्षी गवतच उगवत नाही. आतलं चित्र मात्र जाहिरातीत दाखवत नाहीत. काँक्रीटच्या पट्ट्या, मध्ये फटी, शेण-मूत खाली टाकीत पडतं. साफसफाईला सोपं पण बसायला कडक आणि निसरडं. पेंढा अंथरला तर जनावर जास्त वेळ बसतं पण पेंढा पिकतो पूर्वेला आणि गुरं जास्त पश्चिमेला, वाहतूक परवडत नाही. काही जण पट्ट्यांवर रबर टाकतात.

कार्पेट_एरिया
इस्टेट एजंट असल्याने राहवलं नाही, जागेचा हिशोब काढला. युरोपात सेंद्रिय शिक्का हवा असेल तर मोठ्या जनावराला आत किमान ५ चौरस मीटर, आणि दर १०० किलोमागे निदान १. म्हणजे ६०० किलोच्या जनावराला ६ चौरस मीटर, आपले ६५ चौरस फूट. वर बाहेरचं अंगण वेगळं, ते साडेचार चौरस मीटर. अंगण म्हणजे बाल्कनी धरा.

आता एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) घर ३०० चौरस फूट, माणसं पाच. डोई ६०. बाल्कनी नाही. ओसी आलेली आहे, मेंटेनन्स वेगळा.

तिखटजाळ
चला, पुढल्या जन्मी जर्मन बैल.

चहाबाज
आणि ८:१२ च्या ठाणे लोकलला चौरस मीटरमध्ये चौदा-पंधरा माणसं असतात हे रेल्वेच सांगते. त्याला रवंथ करायलाही जागा नाही.

परळचा_डॉक
हसताय पण या गणिताला इतिहास आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला, बंदिस्त जनावरांबद्दल. त्यात किमान काय हवं तर जनावराला उठता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता-खाजवता यावं, हातपाय ताणता यावेत. बास. इतकंही मिळत नव्हतं म्हणून लिहावं लागलं. ज्या लाकडी खोक्यात वासरू वळूही शकत नाही अशी खोकी ब्रिटनने १९९० मध्ये बंद केली, सगळ्या युरोपात २००६ संपता संपता.

या पाचांपैकी लोकलमध्ये किती जमतात ते ज्याचं त्याने मोजावं.

वसईवाला
आमच्या घरी रविवारी होतं, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क. तुम्ही सगळे अमेरिका-आयर्लंड करताय पण मुंबईत बीफ म्हणून जे विकलं जातं ते म्हशी-रेड्याचं. २०१५ पासून बैलही बंद. म्हणजे मांसासाठी म्हणून कुरणावर किंवा फीडलॉटमध्ये पोसलेलं जनावर इथे जवळपास नाहीच. आमच्या कढईत येते ती दुधातून रिटायर झालेली म्हैस. आई म्हणायची कुकरच्या शिट्ट्यांवरून कळतं किती वर्षं दूध दिलंय.

मोरपीस७६
कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट सांगतो की

संचालक
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केलीय. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे मी येऊन कुलूप लावेन.

खिडकीची_सीट
अरेरे, पॉपकॉर्न आत्ताच फुटले होते.

गोरेगाव_पूर्व
वसईवाल्याने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी आरेच्या शेजारी वाढलो. आरे कॉलनी १९४९ ची, शहरातल्या गल्ल्यांमधले तबेले उचलून मोकळ्या हवेत न्यायचे ही कल्पना. ३२ तबेले, सोळा हजारांच्या आसपास म्हशी. बाहेर इतकी झाडी की बिबटे फिरतात. पण म्हैस त्या झाडीत चरत नाही हो. ती आत खुंट्याला. हिरवळ बाहेर, म्हैस आत, मध्ये दहा पावलं.

हरियाणा-गुजरातहून व्यालेली म्हैस आणायची, मुऱ्हा नाहीतर जाफराबादी, आटेपर्यंत पिळायची. आटली की भाकड म्हैस मुंबईच्या भावाने पोसणं परवडत नाही, काही गाभण करून बाहेर गावी पाठवतात, काही देवनारच्या खाटीकखान्यात. रेडकू झालं तर त्याचं काय होतं ते विचारू नका, माझ्या लहानपणी एका तबेल्यात पेंढा भरलेलं रेडकू ठेवलेलं पाहिलंय, म्हशीने पान्हा सोडावा म्हणून. ती त्याला चाटत होती. मी त्या दिवशी दूध प्यालो नाही, दुसऱ्या दिवशी प्यालो.

हिरवा_पाला
हेच मी दर वेळी लिहितो आणि लोक मला "आला पाला" म्हणतात. स्टेक खाणारा क्रूर आणि आपण कटिंग पिणारे सोज्वळ? नेब्रास्काचा बैल निदान पहिले सहा-सात महिने आईबरोबर हिंडतो. आपल्या तबेल्यातली म्हैस मुंबईत उतरल्यापासून चार पावलं चालत नाही. तिचंही शेवटी मांसच होतं. मग धाग्याचा प्रश्न तिला का नाही लागू? १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात कलम ११ आहे, अवाजवी आखूड दोरीने किंवा साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा. अवाजवी म्हणजे किती हे कोणी मोजायचं?

तिखटजाळ
आला पाला.

(पण मुद्दा बरोबर आहे.)

कडबाकुट्टी
मी मुंबईत नोकरी करतो, गावी संगमनेरला भावाच्या पंधरा गाई. तबेलेवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे, मुंबईत जागेचा भाव काय आणि वैरण येते कुठून ते बघा, हिरवा चारा ट्रकने येतो. आमचंही पाच वर्षांपूर्वी असंच होतं, दोन रांगा, दावणीला बांधलेल्या, सकाळ-संध्याकाळ सोडा-बांधा, शेण भरा, पाणी दाखवा. मग मुक्त संचार केला. म्हणजे काही नाही, गोठ्याभोवती जाळीचं कुंपण, मध्ये पाण्याचा हौद, दोन कडुलिंब, गव्हाण एका बाजूला आणि दावी काढून टाकली. चरायला जात नाहीत, गायरान उरलंय कुठे. पण वाटेल तेव्हा सावली, वाटेल तेव्हा ऊन, वाटेल तेव्हा पाणी. पहिले आठ दिवस मारामाऱ्या झाल्या, एकीचं शिंग मोडलं, मग त्यांचं त्यांनी ठरवलं कोण मोठं. भावाचं काम निम्मं झालं हे खरं कारण, गाईचं सुख वगैरे नंतर सुचलेलं. तेव्हा आत की बाहेर यापेक्षा दावं आहे की नाही हे विचारा.

परळचा_डॉक
कडबाकुट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून एक प्रयोग आठवला. गाईला विचारायचं कसं हा आमच्या शास्त्रातला मोठाच प्रश्न. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय केलं, दार ढकलून उघडावं लागेल असं केलं आणि दारावर वजन वाढवत नेलं. २०१७ चा पेपर. गाई ताज्या खाद्यासाठी जितकं वजन ढकलत होत्या तितकंच कुरणावर जाण्यासाठीही ढकलत होत्या. त्याच विद्यापीठाने २००९ मध्ये दार सताड उघडं ठेवून बघितलं होतं, आत-बाहेर तुमची मर्जी. तर गाई रात्री बाहेर जाऊन पडायच्या आणि दिवसा ऊन वाढलं की आपल्या आपण आत.

दोन्ही प्रयोग दुधाच्या गाईंवरचे आहेत, मांसाच्या बैलांना तसंच्या तसं लावता येणार नाही. पण कुरण की गोठा असं विचारलं तर तिचं उत्तर घड्याळ बघून बदलतं.

लांज्याची_लेक
तांबू हे पेपरशिवाय सांगायची. बारा वाजले की राखणारी मी रानात आणि गाय घरी.

वसईवाला
थोडं विषयांतर. ब्राझीलमध्ये जी पांढरी वशिंडवाली गुरं लाखोंनी कुरणावर चरतात ती नेलोर, मूळची आपल्या आंध्रची ओंगोल. ऊन आणि गोचीड सोसणारी म्हणून नेली. म्हणजे जगभरच्या स्टेकमध्ये आपला एक नातेवाईक.

डब्लिनकर
आणि त्या कुरणांसाठी जंगल तोडलं जातं ते धरायचं का सुखाच्या हिशोबात? शिवाय गवतावरचं जनावर वजन धरायला जास्त महिने घेतं, तितके महिने ढेकरा जास्त, मिथेन जास्त. हवामानवाले आणि प्राणीवाले इथे एकाच टेबलावर बसून भांडतात.

तिखटजाळ
मुंबईत ढेकर देणाऱ्यांवर टॅक्स लावला तर पालिकेची ठेव दुप्पट होईल.

मुलुंडचा_मुक्काम
चार दिवस लिहिलं नाही कारण गोरेगाव_पूर्वना व्यक्तिगत निरोप टाकला आणि रविवारी पहाटे त्यांच्याबरोबर आरेत जाऊन आलो. तबेल्याचं नाव लिहीत नाही, त्या माणसांनी चहा पाजला.

आत शिरलं की उकडतं, अंगाच्या वाफेनेच. दोन रांगा, म्हशी एकमेकींकडे तोंड करून, मागे शेणाची नाली. दोरी इतकी की बसता येतं, उठता येतं, मान गव्हाणीत जाते, पण मागे वळून पाठ चाटता येत नाही. डॉक, तुमचे पाच मोजले, दोन नक्की, तिसरं नाही, बाकीची अर्धी अर्धी. जवळजवळ सगळ्यांच्या मानेला दोरीखाली केस गेलेला गुळगुळीत पट्टा. पाइपने पाणी मारायला लागले तेव्हा मात्र पुढच्या रांगेतल्या आधीच डोळे मिटून उभ्या राहिल्या, पाणी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत.

मग एक म्हैस सोडली. खुराला काही झालं होतं, बाहेर उजेडात बघायचं होतं. जौनपूरचे काका आहेत, वीस वर्षं तिथेच, ते नुसते पुढे चालले आणि ती मागे. मला वाटलं आता लांज्याच्या तांबूसारखी उधळणार. कसलं काय. बाहेर एक झाड आहे, तिने सरळ जाऊन त्याला मान लावली आणि घासायला लागली. खालून वर, वरून खाली, डोळे अर्धे मिटलेले, जीभ जरा बाहेर. मी घड्याळ लावलं, सात मिनिटं. त्या उंचीवर झाडाची साल पॉलिश केल्यासारखी झालीय, म्हणजे ही पहिली नव्हे. गवत पायाशी होतं, तोंडही लावलं नाही. खूर बघून झालं, काका विडी ओढत बसले, तिला कोणी हाक मारली नाही. ऊन वर आल्यावर ती आपली आपण आत गेली, पंधरावीस खुंटे ओलांडून स्वतःच्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली.

पहिल्या पोस्टमध्ये "माझं मत सरळ आहे" लिहिलं होतं ते खोडायचं होतं, इथे संपादनाची मुदत संपलीय.

परळचा_डॉक
मानेला खाज. दोरीची जागाच अशी की जीभ पोचत नाही, शेपूट पोचत नाही. तिकडे शेडमध्ये फिरते ब्रश लावतात, अंग टेकवलं की गोल फिरतात, गाई रांगेत उभ्या राहतात त्यासाठी. आणि म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, वर काळं कातडं, तेव्हा उन्हात आत जाणं हा शहाणपणा. ती खुंट्यासाठी गेली की सावलीसाठी ते मात्र तिलाच ठाऊक.

हिरवा_पाला
जन्मभर बांधलं की खुंटाच घर वाटणार. यालाच तुम्ही सुख म्हणा आता.

चहाबाज
पाला, मीही रोज तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारातच उभा राहतो. सुट्टीच्या दिवशी गाडी रिकामी असली तरी.

कडबाकुट्टी
फिरता ब्रश महाग पडतो. आम्ही खांबाला काथ्याचा जाड दोर गुंडाळून दिलाय, वर जुन्या खराट्याचे दोन तुकडे तारेने आवळून. शंभर रुपयांत काम. तबेल्यात प्रत्येक रांगेच्या खांबाला बांधता येईल, दोरी हातभर लांब केली तर मान पोचेल.

मुलुंडचा_मुक्काम
काकांना फोन करून विचारलं. ते हसले, म्हणाले मला काय, शेठला विचारा. शेठ म्हणाले बांधा की, पण खांब माझा रंगवून द्या आणि दोरीचं नंतर बघू. पुढच्या रविवारी जातोय. काथ्या दादरला कुठे मिळेल?

लांज्याची_लेक
दादरला कशाला, भावाला सांगते, गावाहून एसटीत टाकेल. पोचवायला बोरिवलीला ये.

गोरेगाव_पूर्व
मी शिडी आणतो.

चहाबाज
रुमाल उचलतो. तेवढं ताजं दूध लिटरला काय भाव सांगितला ते कोणीतरी लिहा.